हाडवळ्याचे कागद आणि आपल्या घराण्याचा इतिहास
(पाटस येथे बौद्ध कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)



शेतकरी घराण्याचा इतिहास म्हटला की पाटलाचा वाडा, देशमुखाची सनद, देवळाच्या पायरीवर कोरलेले नाव असे काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आपलेही घराणे शेतकऱ्याचे होते, असे आपल्यापैकी किती जण म्हणतील? मी हा प्रश्न वडीलधाऱ्या मंडळींना अनेकदा विचारला आहे. उत्तर बहुधा एकच मिळते, "आम्हांला कुठली जमीन? होता तो हाडवळा!" परंतु हाडवळा म्हणजे जमीनच नव्हे काय? तिच्यात बाजरी पिकत होती, हुलगा पिकत होता, तिचा सारा सरकारात भरला जात होता. मग ती कसणारा शेतकरी का नव्हे?

याचे कारण त्या जमिनीच्या शर्तीत आहे. पाटलाला वतन होते, कुलकर्ण्याला होते, तसेच महारालाही होते. पण आपल्या पूर्वजांकडून त्या तुकड्याच्या मोबदल्यात घेतलेल्या चाकरीला अंत नव्हता. सरकारी भरणा पोहोचविणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, शिवेची साक्ष देणे, रात्रीची गस्त घालणे, मयताची खबर परगावी नेणे, मेलेले ढोर ओढणे. इंग्रज सरकारने 1874 च्या वतन कायद्याने ही चाकरी कागदावर पक्की केली. जमिनीचा सारा इतरांपेक्षा हलका, त्याला जुडी म्हणत. पण चाकरी चुकली तर जमीनही जाण्याची भीती. असा शेतकरी आपल्या शेतात ताठ मानेने कसा उभा राहणार?

भगिनींनो, एक गोष्ट विशेषतः तुमच्यासाठी सांगतो. आपल्या घराण्याच्या जुन्या कागदांत स्त्रियांची नावे क्वचितच सापडतात. 1886 साली सरकारने कायदा करून वतनाच्या वारसाहक्कात शेवटच्या पुरुषाची विधवा सोडून बाकी सर्व स्त्रियांना घराण्यातील पुरुषांच्या मागे ढकलले. तुमच्या पणजीने उन्हातान्हात खुरपलेल्या शेतावर तिचे नाव नसणे हा योगायोग नव्हता.

बाबासाहेबांनी या जोखडावर प्रथमपासून घाव घातले. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्याला चाकरीतून सुटायचे असेल त्याला सुटता यावे आणि पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडेच राहावी, हा त्यातील गाभा होता. ते विधेयक 1929 मध्ये मागे घ्यावे लागले. पुढे जुडी वाढविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा 16 डिसेंबर 1939 रोजी हरेगाव येथे वतनदारांची मोठी परिषद भरली. या परिषदेच्या आठवणी सांगणारे वृद्ध आता उरले नाहीत; पण त्यांची नातवंडे या सभेत बसलेली असतील.

आता आपल्या भागाकडे वळू. दौंड तालुक्याचा हा मुलूख पूर्वी भीमथडी तालुक्यात होता. पाऊस कमी, माळ फार. खडकवासल्याच्या धरणाचा जुना उजवा कालवा सुमारे 70 मैल वाहत येऊन पाटसजवळच्या ओढ्यात संपत असे. ज्याच्या शेताला त्या पाण्याचा पाट लागला त्याचे घर सावरले. ज्याला लागला नाही तो मृगाकडे डोळे लावून बसला. त्यातच जमिनीचे तुकडे पडत गेले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी केला होता. तेथे 1771 साली एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती, ती 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली. ही सर्वसाधारण शेतकऱ्याची गोष्ट झाली. मुळातच तुटपुंज्या असलेल्या आणि तक्षिमा पडलेल्या हाडवळ्याचे काय झाले असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

बैलजोडी नसलेल्या माणसाने काय करावे? तो जमीन अर्धेलीने देई आणि स्वतः रेल्वेच्या कामावर जाई. 1858 साली आगगाडी या बाजूने धावू लागल्यापासून ही वाट खुली होती. माझ्या आजोबांनी हेच केले. शेजाऱ्याचे औत, आमची जमीन, सुगीला निम्मा दाणा. दोन्ही घरांत सलोखा होता, म्हणून कोणी लिहून ठेवले नाही. पीकपाहणीला मात्र कसणाराचे नाव लागत गेले.

14 ऑक्टोबर 1956 नंतर गावोगावच्या आपल्या लोकांनी ढोर ओढण्याचे सोडले, बलुते नाकारले. पुष्कळ ठिकाणी गावाने त्यांचे पाणी आणि काम बंद केले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि 1 ऑगस्ट 1959 पासून ती चाकरी कायमची संपली. जमिनी वतनदारांना परत मिळण्याची सोयही झाली. चाकरी करणाऱ्याने पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरावयाची होती. ती भरली नाही तर आपल्याच जमिनीवर तो अनधिकृत कब्जेदार ठरे. परत मिळालेली जमीन नव्या शर्तीची; कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येत नसे. आणि जी रीतसर खंडाने अगर वाट्याने दिलेली होती, तिला कुळकायदा लागू झाला.

आमच्या घरी ती तिप्पट रक्कम वडिलांनी भरली. पावती आईने लुगड्याच्या घडीत ठेवली होती. परंतु कूळ म्हणून दुसऱ्याचे नाव लागलेले आहे हे आम्हांला फार उशिरा कळले. चार एकरांतला सव्वा एकर उरला. मी शेजाऱ्याला दोष देत नाही. कायद्याने त्याला हक्क दिला होता. आपण कागद वाचले नाहीत, हे मात्र मला अजून बोचते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तेव्हा हजारो माणसे तुरुंगात गेली. पड जमिनीसाठी तुरुंगात जाणारी माणसे आपल्यात होती. घरातल्या जमिनीचा उतारा काढणारी मात्र थोडी होती, असे मला वाटते.

तेव्हा घराण्याचा इतिहास कोठे शोधावा? भाटाच्या वहीत आपले नाव नाही. पण तलाठ्याच्या दप्तरात आहे. दुमाला जमिनींची नोंदवही, म्हणजे गाव नमुना तीन, पाहा. जुने फेरफार पाहा. तहसील कचेरीत कडईपत्रक मिळते. त्यात आजोबा-पणजोबांची नावे तुम्हांला एकाखाली एक भेटतील. वतन-जमीन परत दिल्याचा हुकूम काढा आणि सातबारावर भोगवटादार वर्ग दोन असा शेरा आहे का ते पाहा. कोणी कोऱ्या कागदावर सही मागत असेल तर आधी हा शेरा त्याला दाखवा. वारसनोंदीत बहिणींची नावे गाळली असतील तर लावून घ्या. वारसाचा 1956 चा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची झाली आहे.

येत्या पौर्णिमेला विहारात याल तेव्हा ज्यांच्या घरी पेटीच्या तळाशी पिवळा पडलेला एखादा दाखला, पावती, हुकूम असेल त्यांनी तो बरोबर आणावा. मोडी असला तरी आणावा. वाचणारे दोघे जण मी बोलावले आहेत. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी आपल्या आजोबांचे नाव आणि शेताचे नाव एवढे लिहून आणावे. माझ्या आजीने तिप्पट भरलेल्या पावतीच्या पाठीवर कोळशाने नांगर काढून ठेवला होता. तोही मी आणणार आहे.