चवदार तळ्यानंतरचं पाणी



२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यात बाबासाहेबांनी ओंजळ भरली. तेव्हा सवाल होता, पाण्याला हात कोणी लावायचा. आज बुलढाण्यात आणखी एक सवाल उभा आहे. त्या पाण्यात आहे काय?

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा अहवाल बघा. भूजलात नायट्रेट फार असलेले देशातले १५ जिल्हे त्यात मोजलेत. बुलढाणा त्यात आहे. वर्धा, अमरावती, यवतमाळही आहेत. पिण्याच्या पाण्याची हद्द लिटरला ४५ मिलीग्रॅम.

हे येतं कुठून? कपाशीला युरिया टाकतात. झाड लागेल तेवढं घेतं, उरलेलं पावसाबरोबर मुरतं, विहिरीत उतरतं. उकिरडे, संडासाचे खड्डे, गटारं त्यात भर घालतात. लोणारचं सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत गेलं, जगात नाव झालं. पण आसपासच्या शेतांचं खत-औषध अन् गावचं सांडपाणी त्याच्याकडेच उतरत आलंय.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. तुरटी फिरवा, क्लोरीन टाका, ते जात नाही. उकळलं तर पाणी आटतं अन् नायट्रेट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला या पाण्यात कालवलेली दूधपावडर पाजली, तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते. पोर निळं पडतं.

पैसेवाला आरओ बसवतो, जार मागवतो. मजूर बाई दिवसभर दुसऱ्याच्या कपाशीत युरिया फेकते अन् सांजच्याला हापशीवर हंडा भरते. शेत तिचं नाही, पीक तिचं नाही. तिच्या वाट्याला येतं ते उरलेलं खत, तेही हंड्यातून.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळाले. कॅमेरे धावले, पाण्याचे नमुने घेतले. पुढे बोट रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे गेलं. नायट्रेटनं टक्कल पडत नाही, म्हणून त्याच्यासाठी कॅमेरा धावत नाही.

आपण शहरातली पोरं सुट्टीत गावी जातो. या खेपेला वस्तीतल्या हापशीचं पाणी तपासायला लावा. तपासणीचा संच ग्रामपंचायतीत आहे का, विचारा. आकडा गावच्या फळ्यावर लिहायला लावा. ४५ च्या वर गेला तर चांगलं पाणी वस्तीत आलंच पाहिजे, अन् फुकट. ही भीक नाही. ओंजळ १९२७ लाच भरलीय.

जयभीम!