नुसत्या वासावर जाऊ नका!
(प्रभागसंघाच्या बैठकीत केलेले भाषण)



सुकी मासळी चुलीच्या वर टांगलेली आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलीय. आमच्या गटानं तसाच धूर पाळीव बदकाच्या मांसाला देऊन बघितला. त्यात दोनदा चुकलो, म्हणून सांगते.

पहिल्यांदा निखाऱ्यावर ओला गवती चहा आणि तुळस मूठमूठ टाकली. दाट पांढरा धूर झाला अन् मांस कडू झालं. दुसऱ्यांदा वास इतका छान सुटला की झालं म्हणून डबे भरायला घेतले. एक मांडी कापली, तर हाडाजवळ कच्ची! सगळे डबे उघडून मांस परत शिजवलं. ते गिऱ्हाइकाच्या घरी गेलं असतं तर?

तेव्हा ध्यानात ठेवा. पाल्यानं वास येतो, मांस टिकत नाही आणि शिजतही नाही. त्यासाठी मीठ, आच आणि थंडावा लागतो.

आता आम्ही असं करतो. एक किलो मांसाला 20 ग्रॅम मीठ, त्यात मिरी, दालचिनी आणि चुरलेलं तमालपत्र. हे चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी पुसून कोरडं करायचं. आंब्याचं किंवा पेरूचं वाळलेलं लाकूड घ्यायचं. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड नको. कण्हेर तर अजिबात नको, ती विषारी आहे. बदकाला चरबी फार. ती निखाऱ्यावर टपकली की काजळीचा घातक धूर होतो. म्हणून खाली ताटली ठेवा. वाळलेला गवती चहा चिमूटभरच, तोही शेवटी.

मांस आतून 74 अंशांपर्यंत तापलं पाहिजे. थर्मामीटर हाडाला न टेकवता जाड भागात खुपसून बघा. निवलं की लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.

हे काम बंद खोलीत करू नका, धूर आपल्याच छातीत जातो. विकायचं असेल तर आधी अन्न सुरक्षा नोंदणी करा. आणि रानातला ससा, तितर कुणी आणून दिला तरी घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे.

थर्मामीटर एकटीला महाग वाटला तर गटात एक घ्या. गिऱ्हाईक एकदा आजारी पडलं, तर गटाचं नाव परत मिळवायला फार दिवस लागतात.