मांडवातली जागा
(सर्जापूर रोड येथील सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



आज गौरवाची भाषणे व्हावीत, हे उचितच आहे. मी मात्र एका व्यावहारिक गोष्टीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ती म्हणजे आपल्या कार्यक्रमांतील बसण्याची व्यवस्था.

मंडळाला पन्नास वर्षे झाली. याचा अर्थ, ज्यांनी तरुणपणी मांडवाचे बांबू रोवले, सतरंज्या अंथरल्या, ते आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. कोणाच्या हाती काठी आहे, कोणी चाकांच्या खुर्चीत आहेत, कोणाला ऐकू कमी येते. ते दिसेनासे झाले की त्यांचा उत्साह ओसरला, असे आपण समजतो. वस्तुतः या रस्त्यावरील उंच इमारतींत उद्वाहन त्यांना दहाव्या मजल्यावरून सुखरूप खाली आणते. अडवतात त्या सभागृहाच्या दारातील तीन पायऱ्या! ज्या घरी अपंग मूल आहे, तेथे आई नाटकाला आली की वडील घरी थांबतात.

कोणी म्हणेल, चार तरुण खुर्चीसकट उचलून आणतील. त्यामागील माया मी जाणतो. परंतु जो उचलून आणला जातो, त्याला मनात येईल तेव्हा उठून जाता येत नाही. पाहुणचार आणि हक्क यांत हाच भेद आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्क मानला आहे.

सरकारी सेवेत आयुष्य गेल्याने मोजमापे सांगण्याची मला खोड आहे. उतरण एकास बारा असावी. म्हणजे 15 सेंटीमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी 5.40 मीटर लांबी हवी. फळी टाकून केलेली उभी उतरण धोक्याचीच. एका चाकांच्या खुर्चीला 90 बाय 120 सेंटीमीटर मोकळी जागा लागते. तिच्या शेजारी सोबत्याची खुर्ची हवी. या जागा एका कोपऱ्यात न ढकलता दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. आरतीला सारे उभे राहतात, तेव्हा बसलेल्या माणसाला गणपतीऐवजी पाठी दिसतात. म्हणून पुढे मोकळी पट्टी किंवा किंचित उंच चौथरा हवा. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना वक्त्याचा चेहरा स्पष्ट दिसेल अशी जागा द्यावी. स्वच्छतागृहाचे दार रुंद आहे की नाही, हे सभागृह ठरवण्यापूर्वीच पाहावे.

पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबा आमटे यांना बसणे अशक्य झाले होते. तरीही 1985 साली कन्याकुमारीहून निघालेल्या 'भारत जोडो' अभियानात ते वाहनात पडून प्रवास करीत राहिले. देहाला सोयीचे वाहन मिळाले, म्हणून एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज देशभर पोहोचला. सोय नसल्यामुळे असे किती आवाज घरातच राहत असतील?

माझी विनंती एवढीच : पुढील निमंत्रणपत्रिकेत "आपणांस कोणती सोय लागेल ते कळवावे" ही एक ओळ छापावी, आणि आलेल्या उत्तरांप्रमाणे खुर्च्या मांडाव्यात. ज्यांनी मांडव उभारला, त्यांना मांडवात जागा मिळावी, यापेक्षा सुवर्णमहोत्सवाचे मोठे सार्थक कोणते?