पडलेलं पिल्लू
(सोसायटीच्या उन्हाळी कार्यक्रमात मुलांसमोर व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एप्रिल उजाडला की माझ्या दाराची बेल जास्त वाजू लागते. दारात चार-पाच मुलं, त्यांच्या हातात बुटांचं खोकं, खोक्यात कापूस आणि कापसात भेदरलेला बुलबुल नाहीतर दयाळ. पहिला प्रश्न ठरलेला : "काकू, ह्याला दूध पाजू का?"

नाही पाजायचं. पक्ष्यांना दूध पचत नाही. (पारवा पिल्लांना 'दूध' भरवतो हे खरं, पण ते त्याच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होतं, डेअरीच्या पिशवीतलं नव्हे!) पाणीही चोचीत घालू नका. पिल्लाच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. ड्रॉपरनं सोडलेला थेंब थेट फुफ्फुसात जाऊ शकतो आणि मायेनं केलेला उपाय जिवावर बेततो.

आधी पिल्लाकडे नीट बघा. अंगावर पिसं नाहीत, डोळे मिटलेले, तर ते खरंच पडलेलं आहे. घरटं हाताशी असेल तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, असं आपल्या आज्या सांगत आल्या. तसं होत नाही. घरटंच मोडलं असेल तर छोट्या टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच झाडाला सावलीत बांधा.

पण खोक्यातून येणारी बहुतेक पिल्लं अशी नसतात. त्यांना पिसं असतात, शेपूट आखूड असतं, ती टुणटुण उड्या मारतात. ती पडलेली नाहीत, उतरलेली आहेत. बुलबुलाचं पिल्लू दोन आठवड्यांचं व्हायच्या आतच घरटं सोडतं, तेव्हा त्याला धड उडताही येत नाही. आई-बाप जवळच असतात, खाली येऊन भरवतात. अशा पिल्लाला रस्त्यावरून उचलून जवळच्या झुडपात ठेवायचं, मांजर हाकलायचं आणि आपणही लांब जायचं. आपण घोळका करून उभे राहिलो तर आई येणार कशी? काहीच न करता तासभर लांबून बघत राहणं मुलांना फार जड जातं. मोठ्यांनाही.

मागे सी विंगखाली असंच एक पिल्लू उतरलं. वॉचमनकाका उचलायला गेले, तर कावळ्यानं त्यांच्या डोक्यात टोच मारली. पिल्लू होतं कोकिळेचं! कोकिळा अंडं कावळ्याच्या घरट्यात घालते, पुढचं सगळं कावळा बघतो. त्या जोडीनं दोन दिवस पार्किंग अडवून ठेवलं होतं. गाड्या कुठे लावायच्या यावर कमिटीत झालेली चर्चा इतिवृत्तात नाही.

पाकोळीची गोष्ट वेगळी. पाय तोकडे, पंख लांब. जमिनीवर पडली की तिला सहजी उडता येत नाही. मोठी, धडधाकट पाकोळी असेल तर मोकळ्या जागी तळहातावर उंच धरा. हवेत फेकू नका.

मदत लागतेच ती रक्त येत असेल, पंख लोंबत असेल किंवा मांजरानं तोंडात धरलं असेल तेव्हा. मांजराच्या दाताची जखम दिसत नाही, पण आत विष कालवते. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटलही आहे. घरी पाळायचा मोह नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते चालत नाही, पोपटसुद्धा नाही.

आता कमिटीच्या मंडळींसाठी. पावसाळ्यापूर्वीची छाटणी आपण मे महिन्यात करतो, म्हणजे नेमकी घरटी भरलेली असताना. त्या दिवशी खाली येणारी पिल्लं वाऱ्यानं पडलेली नसतात. महापालिकेची परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज ऑक्टोबरात करावा आणि छाटणी डिसेंबर-जानेवारीत उरकावी, असं माझं म्हणणं आहे. एखादी धोक्याची फांदी मे महिन्यात तोडावीच लागली, तर आधी दुर्बिणीनं बघून घेऊ. दुर्बीण घेऊन मी येते.

तसं पत्र चिटणीसांकडे दिलं आहे. सर्वसाधारण सभेत ते येईल, तेव्हा हात वर करायला माणसं हवीत. मुलांना तिथे मत नसतं, पण आई-बाबांना ओढून आणता येतं.