छायाचित्रावरचा रंग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत, हूटगळ्ळी येथे केलेले भाषण)



सभागृहात लावावयाच्या त्या मुद्राचित्राविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा आहे. चित्र आपण पाहिलेच आहे. पाळी सुटल्यावर येथील एका कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारी माणसे, त्यांच्या सायकली, जेवणाचे डबे, असे हे जुने कृष्णधवल छायाचित्र. आणि त्यावर, कोणत्याही वस्तूचा आकार न घेणारे केशरी व निळे पट्टे. ‘चांगल्या फोटोवर रंग सांडला’ हा अभिप्राय प्रथमदर्शनी आमच्याही मनात आला, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या डोळ्यांना वळणच तसे लागले आहे. पाहुणा आला की आपण त्याला म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात नेतो आणि सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांची दीपधारिणी दाखवितो. ते जलरंगचित्र पाहून ‘अगदी फोटोसारखे!’ असे तो म्हणतो, व आपण सुखावतो. घरच्या जुन्या तसबिरींतही रंगाऱ्याने छायाचित्रावर गालांना गुलाबी आणि जरीला सोनेरी रंग दिलेला असे. रंगाने वस्तूची चाकरी करावी, हीच आपली समजूत.

छापखान्यात मात्र निराळे दृश्य दिसते. राजा रविवर्मा यांच्या १८९४ साली मुंबईत निघालेल्या मुद्रणालयात प्रत्येक रंगास स्वतंत्र दगड लागे. पुढे ते मुद्रणालय लोणावळ्याजवळ मळवलीस गेले. दादासाहेब फाळके यांनी त्याच्यासाठी काम केले, आणि तीनरंगी छपाई शिकण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीस गेले, चित्रपट त्यानंतरचा. तीनरंगी पद्धतीत एकाच चित्राच्या, रंगीत काचांतून, तीन निगेटिव्ह घेतात आणि पिवळा, किरमिजी व निळा असे ठसे एकावर एक उठवितात. त्यातला पिवळा ठसा एकटा पाहावा. देवीचे नाकडोळे जेमतेम लागतात. बाकी पिवळे ढग. म्हणजे रंग वस्तूपासून सुटा होतो, ही काही आजच्या चित्रकारांची चूष नव्हे. आपल्या देव्हाऱ्यातील तसबिरीही त्याच वाटेने आल्या. आजचा चित्रकार सुटा झालेला रंग परत जागेवर नेत नाही, एवढेच.

या चित्रातील केशरी पट्टा आम्हांस संध्याकाळचा वाटला नाही. भोंगा वाजल्यावर अंगातून जो शीण उतरतो, तो कॅमेऱ्याला टिपता आला नव्हता. तो येथे आहे, असे वाटले. दुसऱ्यास निराळे वाटेल.

तथापि एक आक्षेप आम्हांस खोडून काढता आला नाही. त्या घोळक्यात आपले वडील आहेत, असे आपल्या एका सभासदांचे म्हणणे आहे. नेमका त्यांचा चेहरा केशरी पट्ट्याखाली गेला. वडिलांचे दुसरे छायाचित्र घरी नाही. त्यांना आम्ही छपाईचे तंत्र काय सांगणार?

म्हणून चित्र लावावेच. परंतु मूळ छायाचित्राची प्रतही त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर असावी, असे आम्ही कार्यकारिणीस लिहून दिले आहे. निगेटिव्ह शाबूत आहे.