क्लीनरची सीट बाईला कोण देणार?

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात एका पिकअप-चालक कार्यकर्तीने केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

मी आमच्या गावाहून चाकणच्या बाजारात भाजीची पिकअप नेते. आज मला 'चाकोरी मोडणाऱ्या स्त्रिया' या विषयावर बोलायला सांगितलंय. पण मी बोलणार आहे पहिल्या नोकरीवर. आपण ड्रायव्हिंगचे वर्ग घेतले, सर्टिफिकिटं वाटली, फोटो काढले. त्या बाया आज कुठे आहेत? बऱ्याच जणी लायसन ट्रंकेत ठेवून घरी बसल्यात.

लायसन मिळालं तेव्हा मीही एमआयडीसीत चार ट्रान्सपोर्टवाल्यांकडे गेले. चौघांनीही एकच विचारलं, "अनुभव किती?" मी मान खाली घालून परत आले. वाटलं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

मग मी विचार केला, पोरांना हा अनुभव येतो कुठून? माझ्या चुलत दिराला तो आला क्लीनरच्या सीटवर. त्यानं उस्तादाची काच पुसली, टायर बदलले, ताडपत्री बांधली, गाडी मागे घेताना "येऊ दे, येऊ दे" केलं. दोन वर्षांनी उस्तादानं रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात दिलं. पुढे उस्तादाचा शब्द हाच त्याचा दाखला झाला. बाईला ती सीट कुणी देत नाही, कारण त्या सीटवर रात्री काढाव्या लागतात. म्हणजे अनुभव मागायचा आणि तो मिळायची जागा बंद ठेवायची. यात कमीपणा आपला नाही, हे आधी समजून घेऊ या.

म्हणून पहिली नोकरी घराजवळची शोधायची. दूध संकलनाची गाडी, बाजार समितीचा माल, पाण्याचा टँकर, घंटागाडी. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं, रस्ता रोजचा असतो. कुणी म्हणेल, ही बायकी कामं. बाजाराच्या गर्दीत हातगाड्यांमधून भरलेली गाडी मागे घेऊन बघा, मग बोला.

मालक दुसरी सबब सांगतो, "विम्याची अडचण येईल." तेव्हा कायदा माहीत पाहिजे. एकूण वजन 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयानं हे 2017 साली सांगितलं आणि 2024 च्या नोव्हेंबरात घटनापीठानं ते कायम केलं. गॅससारखा धोक्याचा माल असेल तर मात्र वेगळं प्रशिक्षण लागतं. मोठा ट्रक चालवायचा असेल तर वय 20 पूर्ण हवं आणि शिकाऊ लायसनच्या आधी हलक्या वाहनाचं लायसन निदान एक वर्ष हातात हवं. ते वर्ष घरी बसून घालवू नका. आठवी पास असण्याची अट 2019 साली गेली, हेही शाळा सुटलेल्या मैत्रिणींना सांगा.

मला नोकरी कशी मिळाली? मंडळाच्या दोघी माझ्याबरोबर आल्या. मालक म्हणाला, "पंधरा दिवस फुकट चालवून दाखवू दे." एकटी असते तर मी हो म्हटलं असतं. त्या दोघी म्हणाल्या, "पंधरा दिवस ती ड्रायव्हरशेजारी बसेल, माल भरेल, गाडी मागे घेईल, पण हमालाची मजुरी घेऊन." मालक कुरकुरला आणि कबूल झाला. सोळाव्या दिवशी गाडी माझ्या हातात आली. आजही बाजारात बायकांचा संडास नाही. पहाटे चहा न पिता निघते. त्यासाठी आपण बाजार समितीकडे अर्ज दिलाय, तो सोडायचा नाही. आणि कुणी त्रास दिला तर, मालकाकडे दहापेक्षा कमी माणसं असली तरी, 2013 च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. गाडीवरची जागाही कामाचीच जागा आहे.

तेव्हा माझं मागणं एवढंच. प्रत्येक मंडळानं आपल्या भागातल्या पाच गाडीमालकांची नावं काढावीत आणि नव्या मुलीबरोबर दोघींनी जावं. तिला एकटीला पाठवू नका.

सुरुवात मी करते. माझ्या पिकअपमध्ये डावीकडची सीट रिकामी आहे. मालकाशी बोलून ठेवलंय, मजुरी मिळेल. सोमवारी पहाटे पाचला गाडी निघते. कोण येतंय?