मालाचा मुलूख



केळवे-माहीमच्या वाडीतली सुपारी कुठली, हे कुणी विचारीत नाही. झाड समोर उभे असते. जहाजातून उतरलेल्या पोत्याबरोबर मात्र झाड येत नाही, कागद येतो. वाद त्या कागदाचा आहे.

सुपारीवर मूळ आयातशुल्क शंभर टक्के. करारांमुळे शेजारी देशांच्या मालाला सवलत. इंडोनेशियाची सुपारी शेजारच्या देशांची म्हणून दाखवली जाते, असा आरोप झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, आणि 2021 साली सीबीआयने छापे घातले. अशा वादात आयातदार म्हणतो, "दाखला त्या देशाने दिला, मी झाड बघायला गेलो नव्हतो." परंतु 2020 साली सीमाशुल्क कायद्यात कलम 28डीए आले. आता सवलत मागणाऱ्याला नुसता दाखला पुरत नाही. माल तिथला कसा, ही माहितीही जवळ ठेवावी लागते.

डंपिंगविरोधी शुल्कातही मुलखाचाच प्रश्न येतो. परदेशी कारखानदार आपल्या घरच्या भावापेक्षा स्वस्तात इथे माल विकतो आणि त्याने इथल्या धंद्याला इजा होते, तेव्हा 1975 च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या कलम 9ए खाली हे शुल्क बसते. ते देश पाहून बसते; म्हणून देश बदलून सांगण्याचा मोह होतो.

तारापूरच्या कामगाराने कुणाची बाजू घ्यावी? स्वस्त माल आला, तर तो बनवणारे खाते बंद पडते. शुल्क बसले, तर तोच कच्चा माल वापरणाऱ्या शेजारच्या कारखान्यात पाळी कमी होते. दोन्हीकडे आपलीच माणसे. शिवाय 1995 साली अमेरिकेने भारतीय स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर असेच शुल्क लावले; तिथे आरोपी आपण होतो.

आपले 1995 चे नियम सांगतात, की इजेचा हिशेब करताना नोकऱ्या आणि मजुरी यांवरचा परिणाम पाहा. पण हितसंबंधी पक्षांच्या यादीत उत्पादक आहे, आयातदार आहे, परदेशी सरकार आहे. कामगार संघटना नाही. आपल्याला मोजतात, विचारीत नाहीत! अमेरिकेत पोलाद कामगारांच्या संघटनेने चिनी टायरांविरुद्ध 2014 साली स्वतः अर्ज केला. 2020 साली आणखी चार देशांच्या टायरांविरुद्ध केला.

म्हणून माझे सांगणे एवढेच. चौकशीची जाहीर सूचना निघाली, की दोन्ही कारखान्यांच्या युनियनांनी आधी एकत्र बसावे, आपापल्या खात्यातली माणसे आणि पाळ्या मोजाव्यात, आणि ते निवेदन दिल्लीला व्यापार उपाय महासंचालनालयाकडे धाडावे. मालकांचे वकील मालकांचे बोलतील. आपले आपणच बोलले पाहिजे.